ट्यूबखालची शिकारी झाडं: नाशिकच्या घरात कीटकभक्षी वनस्पती वाढवायच्या तर

नाशिकमध्ये घरात आणलेलं कीटकभक्षी झाड बहुतेक वेळा दोन गोष्टींनी मरतं: बोअरचं पाणी आणि एप्रिल-मे. उजेड कमी पडला तर ते लगेच मरत नाही, नुसतं रोडावतं. दमटपणाची सगळे उगाच काळजी करतात, प्रत्यक्षात तो यादीत बराच खाली येतो. म्हणून इथे आधी पाणी, मग जागा, मग दिवे आणि झाड सगळ्यात शेवटी असा क्रम ठेवला आहे. बहुतेकांचं उलट होतं. नर्सरीतून झाड आधी येतं आणि ते ठेवायचं कुठे हा शोध त्यानंतर सुरू होतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. ही झाडं माशा खाऊन जगत नाहीत. त्यांचं अन्न इतर झाडांसारखंच उजेडात तयार होतं. ती मुळात पाणथळ, निकस जमिनीतली. तिथे नत्र-स्फुरद जवळपास नसतं, ते किड्यांमधून मिळवायचं म्हणून हा सापळ्यांचा खटाटोप. त्यामुळेच त्यांच्या मुळांना क्षार आणि खत सोसत नाही, आणि माशा भरवून उजेडाची उणीव भरून निघत नाही.

काय काय लागेल

- पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा (दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो)
- २० वॅटचे, चार फुटी, पांढऱ्या उजेडाचे एलईडी बॅटन (ट्यूबसारखे पट्टीदिवे), किमान दोन
- बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमर
- चार फुटी रॅक किंवा कपाटाचा एक कप्पा
- खत न मिसळलेलं पीट मॉस (पाणथळ जागेतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), थोडं लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ)
- प्लास्टिकच्या १० ते १२ सेंटिमीटर खोल कुंड्या आणि खाली ठेवायला ट्रे
- साधा थर्मामीटर, जमल्यास आर्द्रता दाखवणारा
- बारीक चिमटा

१. आधी पाणी मोजा

टीडीएस ५० च्या खाली असेल तर निर्धास्त वापरा. ५० ते १०० मध्ये भागतं, पण कुंडीत साचलेले क्षार अधूनमधून पाणी ओतून धुऊन काढावे लागतात. त्यावरचं पाणी या झाडांना देऊ नका. शेतीचा ईसी (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा) मीटर घरात असेल तर वेगळा मीटर घेण्याची गरज नाही: ईसी ०.१ म्हणजे साधारण ५० ते ६५ टीडीएस.

महापालिकेचं पाणी गंगापूर धरणाचं असलं तरी सोसायटीच्या टाकीत त्यात बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळलेलं असू शकतं, उन्हाळ्यात तर हमखास. त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. स्वतःच्या नळाचं पाणी मोजा, आणि जानेवारीत एकदा, मे महिन्यात एकदा असं दोनदा मोजा.

चालणारं पाणी कोणतं?

आरओचं चालतं, पण मीटरने तपासून. हल्लीच्या घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत सोडलं जातं. काहींत मिनरलचं काडतूसही असतं. अशा मशीनचं पाणी प्यायला उत्तम, झाडाला नाही. आकडा जास्त दिसला तर सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला मेंब्रेनमधून निघणारं पाणी मिसळण्याआधीच वेगळ्या नळीने काढून द्यायला सांगा.

एसीचं ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. फक्त एसीची जाळी-कॉइल धुतल्यानंतर पहिले दोन-तीन दिवसांचं पाणी घेऊ नका, त्यात क्लीनरचा अंश उतरतो.

पावसाचं पाणी सर्वांत चांगलं आणि फुकट. पहिले दोन-चार पाऊस वाहून जाऊ द्या आणि मग भरा. नव्या सिमेंटच्या गच्चीवरून आलेलं पाणी मात्र चुना घेऊन येतं, तेव्हा ताडपत्री ताणून थेट ड्रममध्ये घ्या. झाकण घट्ट हवं, नाहीतर डासांची पैदास होते. दहा-बारा कुंड्यांना पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं तर ट्रेच्या आकारानुसार दीडशे ते तीनशे लिटर लागतं.

बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं. दुकानात मागताना "पाणी" असं स्पष्ट सांगा, कारण बॅटरीचं अ‍ॅसिडही तशाच कॅनमध्ये असतं.

न चालणारी पाणी: बोअर, टँकर, मीठ टाकून पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचं (त्यात सोडियम असतो), आणि बाटलीबंद मिनरल वॉटर. पाणी उकळल्याने क्षार जात नाहीत, पाणी आटल्यामुळे उलट वाढतात.

२. जागा ठरवा

सर्वांत वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली टाळा. मे महिन्यात रात्री दहा वाजतासुद्धा तो स्लॅब उष्णता सोडत असतो. उत्तर किंवा पूर्वेची, मधल्या मजल्यावरची खोली बरी. उजेड दिव्याचाच असल्याने खिडकीची गरज नाही. जिन्याखालचा कोनाडाही चालतो, फक्त हवा खेळती हवी.

कूलर असलेली खोली मिळाली तर फारच छान, दमटपणा आणि थंडावा दोन्ही आयते मिळतात. झोत मात्र थेट झाडांवर येऊ देऊ नका. कूलरच्या टाकीतलं पाणी तर चुकूनही कुंडीत घालू नका: रोज आटून आटून त्यातले क्षार नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट झालेले असतात.

विजेचं एक बघा. एक्स्टेंशन बोर्ड ट्रेच्या वर, भिंतीला लावा, खाली जमिनीवर नको. दिव्याची वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या टोकाला खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. घरात आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या.

३. दिवे टांगा

जांभळे-गुलाबी "ग्रो लाइट" घेऊ नका. झाड त्यात वाढतं, पण तुम्हाला पानाचा खरा रंग दिसत नाही. या झाडांची तब्येत तर रंगावरूनच कळते. ६५०० केल्विनचा, म्हणजे दुकानात "कूल डे-लाइट" म्हणून मिळणारा साधा बॅटन पुरतो.

दोन बॅटन एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर, पानांच्या टोकापासून १५ सेंटिमीटर उंचीवर टांगले तर मधल्या भागात साधारण ८ ते १० हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात. दवबिंदू (सनड्यू, पानांवर चिकट थेंब धरणारं झाड) आणि बटरवर्टला (चिकट, पसरट पानांचं झाड) एवढं पुरे. व्हीनस फ्लायट्रॅपला (किडा शिरला की मिटणाऱ्या सापळ्यांचं झाड) १५ ते २० हजार हवेत, म्हणजे चार बॅटन लावा आणि पानांपासून १० ते १५ सेंटिमीटरवर आणा. घटपर्णीला (पानांच्या टोकाला घटासारखे सापळे असणारी) ६ ते १० हजार चालतात. ट्यूबच्या दोन्ही टोकांना उजेड कमी असतो, तिथे घटपर्णी ठेवा आणि मधली जागा उजेडखाऊ झाडांना द्या.

मोजायला मोबाइलवरचं लक्सचं अ‍ॅप चालेल. आकडा तंतोतंत येत नाही, पण "इथे तिथल्यापेक्षा निम्मा आहे" एवढं नक्की कळतं. मोबाइल पानाच्या उंचीवर आडवा धरा, दिव्याकडे तिरका नको. रॅकच्या बाजूंना पांढरे थर्माकोलचे तुकडे लावले तर कडेच्या कुंड्यांवरचा उजेड लक्षात येण्याइतका वाढतो.

वेळ १४ तास. दोन बॅटन म्हणजे ४० वॅट, दिवसाला ०.५६ युनिट, महिन्याला साधारण १७ युनिट. चार बॅटन असतील तर ३४. वीजबिलातल्या तुमच्या टप्प्याच्या दराने गुणून बघा, आणि मगच रॅक किती मोठा करायचा ते ठरवा.

टायमर चाकीचा, यांत्रिक घेतला तर वीज गेली की तोही थांबतो. दोन तास वीज गेली की सगळं वेळापत्रक दोन तास पुढे सरकतं, आणि शनिवारच्या शटडाऊननंतर तुमचा रॅक अपरात्री उजळतो. म्हणून बॅटरी बॅकअपवाला.

४. मिश्रण करा

दवबिंदू आणि फ्लायट्रॅपसाठी पीट मॉस आणि परलाइट समसमान. परलाइट कोरडं ओतू नका. पोत्यातच पाणी शिंपडून ओलं करा, त्याची धूळ छातीत जाते. कोरडं पीट पाणी धरत नाही, वर तरंगत राहतं. घमेल्यात कोमट आरओ पाणी घालून हाताने मळा आणि रात्रभर ठेवा. मुठीत दाबल्यावर चार-पाच थेंब निथळले की झालं.

घटपर्णीला मोकळं लागतं: दोन भाग स्फॅग्नम मॉस, एक भाग परलाइट. मेक्सिकन बटरवर्टला पीट कमी, परलाइट जास्त.

पीटच्या पिशवीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. खत मिसळलेलं पीट रोपवाटिकांसाठी सर्रास विकलं जातं आणि तेच तुमच्या हातात येण्याची शक्यता जास्त. शंका असेल तर मूठभर पीट अर्धा लिटर आरओ पाण्यात तासभर भिजवा आणि टीडीएस मोजा. आकडा शंभराच्या पुढे चढला तर ते टोमॅटोला ठेवा.

कोकोपीट स्वस्त आहे आणि कृषी सेवा केंद्रात कुठेही मिळतं, पण त्यात मीठ असतं. आरओ पाण्यात चार-पाच वेळा भिजवून, पिळून, दर वेळी मोजून वापरता येतं. त्या खटाटोपापेक्षा पीट परवडलं. लाल माती, नदीची वाळू, गांडूळखत, शेणखत यांपैकी काहीही नको. मातीची कुंडीही नको, तिच्या भिंतीत क्षार साचतात.

द्राक्षबागेचं घर असेल तर एक सक्त सूचना. १९:१९:१९ या खताची चिमूटसुद्धा कुंडीत पडू देऊ नका, आणि फवारणीचा पंप कितीही धुतलेला असला तरी या झाडांवर पाणी मारायला वापरू नका.

५. कोणतं झाड आधी

केप सनड्यू. दक्षिण आफ्रिकेतला हा दवबिंदू, पट्टीसारख्या लांब पानांचा. हिवाळी झोप लागत नाही, ४० टक्के आर्द्रतेतही दव धरतो, पान कापून आरओ पाण्यात तरंगत ठेवलं तर चार ते सहा आठवड्यांत त्यावर पिल्लं फुटतात. चिकट केसांच्या टोकावरचा थेंब हे त्याच्या तब्येतीचं रोजचं प्रमाणपत्र. किडा चिकटला की पान अर्ध्या-एक तासात त्याच्याभोवती वळायला लागतं, सकाळपर्यंत पूर्ण गुंडाळलेलं असतं.

दुसरं, मेक्सिकन बटरवर्ट. तिसरं, बाजारात टांगत्या कुंडीत मिळणारी संकरित घटपर्णी, व्हेंट्राटा. चौथं हवं असेल तर आफ्रिकेतल्या सँडर्सोनी जातीची, सशाच्या तोंडासारख्या फुलांची युट्रिक्युलारिया. आपल्या सड्यांवर पावसाळ्यात निळी-जांभळी फुलणारी सीतेची आसवं हिच्याच गणातली.

व्हीनस फ्लायट्रॅप सगळ्यांना पहिला हवा असतो, आणि पहिल्यासाठी तोच सर्वांत वाईट. त्याला सर्वांत जास्त उजेड लागतो आणि वर हिवाळ्यात तीन महिने गारवा लागतो. केप सनड्यू सहा महिने नीट राखला, की मग आणा. सारासेनिया (उभ्या नळीसारख्या पानांची कीटकभक्षी) घरात आणूच नका. ती उंच वाढते आणि ऊन मागते, तिची जागा गच्चीवर.

६. विकत घेताना

"निळ्या फ्लायट्रॅपचं बी" असलं काही ऑनलाइन दिसलं तर पुढे सरका. खरं बी काळं, चकचकीत, थेंबाच्या आकाराचं, जेमतेम एक-दीड मिलिमीटरचं असतं. त्यातून मोठं झाड व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात. रोपच घ्या.

विक्रेत्याकडून बिल घ्या, आणि रोप टिश्यू कल्चरचं किंवा नर्सरीत वाढवलेलं असल्याचं लेखी मागा. मेघालयातली घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. जंगलातून आलेलं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. परदेशातून थेट मागवायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोप रोग-किडीमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. घटपर्णी, फ्लायट्रॅप, सारासेनिया असेल तर सायटिसचे कागदही. "पाकिटात घालून पाठवतो, काही होत नाही" म्हणणारा विक्रेता जोखीम तुमच्या गळ्यात टाकत असतो.

अंजनेरी किंवा कासला फिरताना दिसलेली सीतेची आसवं आणि दवबिंदू तिथेच राहू द्या. त्यांतली बहुतेक वर्षायू आहेत. उपटून आणली तर बी न धरताच संपतात.

७. पहिले तीन आठवडे

कुरिअरमधून आलेल्या झाडावर दव नसतं आणि फ्लायट्रॅपचे निम्मे सापळे मिटलेले असतात. घाबरू नका, भरवू नका. कुंडीवर पारदर्शक पिशवी उलटी घाला, दिवा ३० सेंटिमीटरवर ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी पिशवीला बोटभर भोक पाडा, मग दर दोन दिवसांनी एकेक वाढवा. दोन आठवड्यांत पिशवी काढा, आणि तिसऱ्या आठवड्यात दिवा खाली आणा. जुनी पानं काळी पडणारच. नवं पान कसं येतंय तेवढंच बघायचं.

८. रोजचं पाणी आणि ट्रेचा हिशोब

दवबिंदू आणि फ्लायट्रॅपची कुंडी ट्रेमध्ये, ट्रेमध्ये एक ते दोन सेंटिमीटर पाणी. ते जवळजवळ संपलं की पुन्हा भरा. वरून पाणी ओतलं तर दव धुऊन जातं. घटपर्णीला उलट पद्धत: वरून घाला, खाली निथळू द्या, तळाशी पाणी साचू देऊ नका.

आता हे नीट लक्षात घ्या. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ३० टीडीएसचं पाणी भरत राहिलात तरी दोन-तीन महिन्यांनी ट्रेमधला आकडा शंभरी ओलांडतो. म्हणून मीटर ट्रेमध्येही बुडवा. शंभर दिसले की कुंडी मोरीत नेऊन कडेकडेने, पानं वाचवत, तिच्या आकारमानाच्या दुप्पट आरओ पाणी हळूहळू ओता आणि पूर्ण निथळू द्या. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली तर मीटर न बघताच हे करा.

९. खाऊ

बंद खोलीत किडे येत नाहीत, तेव्हा थोडं भरवावं लागतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे वाळवलेले ब्लडवर्म आणा, दोन थेंब आरओ पाण्यात भिजवा. दवबिंदूच्या एका पानावर मोहरीएवढा तुकडा, दोन-तीन आठवड्यांतून एकदा, दर वेळी दोन-तीन पानांवरच. जास्त झालं की बुरशी येते.

फ्लायट्रॅपला घास सापळ्याच्या एक-तृतीयांश आकाराचा. आतल्या बारीक केसांना वीसएक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की सापळा मिटतो, पण पचन सुरू व्हायला आतली हालचाल चालू राहावी लागते. मेलेला किडा हलत नाही, म्हणून मिटलेला सापळा बाहेरून दोन बोटांनी अर्धा मिनिट हलकेच चोळा. नाहीतर तो दुसऱ्या दिवशी घास तसाच ठेवून उघडतो. पाहुण्यांना गंमत म्हणून बोट घालून मिटवू नका: एक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो, आणि मुलांना हे सांगूनही उपयोग नसतो, तेव्हा फ्लायट्रॅप वरच्या कप्प्यात.

घटपर्णीच्या एका घटात महिन्यातून एकदा बेटा माशांच्या खाद्याचा एक दाणा. चिकन, पनीर, भात, दूध कशालाच नाही, ते सडतं आणि सोबत पानही नेतं.

१०. नाशिकचं वर्ष

मार्चच्या मध्यापासून दिव्याची वेळ उलटी करा: रात्री ८ ते सकाळी १०. दुपारची ४० अंशांची गरमी आणि बॅटनची ऊब एकाच वेळी अंगावर येत नाहीत. दुपारी पडदा ओढून ठेवा. कप्प्यातलं तापमान ३५ च्या आत राहिलं तर केप सनड्यू तगतो. वाढ थांबते, दव कमी होतं, ते चालेल. ट्रे मोठा घेऊन जास्त उघडं पाणी ठेवलं तर कुंड्यांभोवती दमटपणा थोडा वाढतो. पानांवर दिवसातून पाच वेळा पाणी फवारण्याने मात्र काहीच साधत नाही.

जून ते सप्टेंबर हे त्यांचे दिवस. वेळ परत दिवसाची करा. काचेच्या बंद टाकीत ठेवलं असेल तर याच काळात राखाडी बुरशी येते. झाकण काढा आणि संगणकातला जुना पंखा मंद गतीने फिरवत ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचं किमान तापमान १० च्या खाली येतं, निफाडला त्याहून खाली. केप सनड्यूला काही फरक पडत नाही. घटपर्णी खिडकीपासून लांब घ्या. फ्लायट्रॅपला मात्र हीच झोप हवी असते: नोव्हेंबरमध्ये दिवा आठवड्याला एकेक तास कमी करत १० तासांवर आणा, मग डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुंडी उत्तरेच्या गॅलरीत, मिश्रण नुसतं ओलसर. दुपार तिशीकडे जाते त्यामुळे झोप अर्धवट होते, तरी बहुतेक झाडांना पुरते. पूर्ण झोप हवी तर झाड काढून मुळं धुवा, काळी पानं कापा, ओलसर स्फॅग्नममध्ये गुंडाळून झिप पिशवीत घाला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दहा आठवडे ठेवा. दर आठवड्याला बुरशी बघा, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर कोणीतरी कोथिंबीर समजून उघडेल.

वसंतात फ्लायट्रॅप फुलाचा दांडा काढतो. बी नको असेल तर दांडा बोटभर असतानाच कापा, झाडाची ताकद वाचते.

११. बिघडलं तर

पानं लांब, हिरवीगार, लोळणारी: उजेड कमी. दिवा दर आठवड्याला दोन सेंटिमीटर खाली.

दव नाही, पण नवी पानं येताहेत: गरमी किंवा कोरडी हवा. वाट बघा.

दव नाही आणि मधलं नवं पानही करपलेलं: पाणी किंवा मिश्रण. दोन्हींचा टीडीएस मोजा, त्याच दिवशी नव्या पीटमध्ये हलवा.

मधली पानं वाकडीतिकडी, बारीक: मावा. पूर्ण कुंडी दोन दिवस आरओ पाण्यात बुडवून ठेवा, दवबिंदू आणि फ्लायट्रॅप दोघांनाही ते सोसतं. घटपर्णीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, द्राक्षवाल्यांना ओळख सांगायला नको. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढा. तेलकट फवारणी दवबिंदूवर करू नका, चिकट केस बसून जातात.

मातीवर हिरवी बुळबुळ: शेवाळ. ट्रेमधलं पाणी कमी करा, वरचा अर्धा सेंटिमीटर थर काढून नवं पीट घाला.

दिवाळीत आठ-दहा दिवस गावाला जायचं असेल तर ट्रेमध्ये तीन सेंटिमीटर पाणी भरा, टायमर १० तासांवर आणा, घटपर्णीची कुंडी तेवढ्यापुरती ओल्या मॉसवर टेकवा आणि शेजाऱ्यांकडे किल्ली दिलीत तर झाडांना पाणी घालू नका असं सांगून जा.